घरगुती एअर कंप्रेसरमध्ये कोणते तेल घालावे?

पनवेल आणि आसपासच्या वस्त्यांत घरबसल्या चालणाऱ्या शिलाईच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत एक नवे यंत्र शिरले आहे. ते म्हणजे लहान एअर कंप्रेसर. पूर्वी हे यंत्र पंक्चरवाल्याकडे किंवा गाड्या रंगवणाऱ्याकडे दिसायचे. आज मोहल्ल्यातील दोन खोल्यांच्या घरात, जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर ते बसवलेले आढळते. मुलांच्या कपड्यांना टिचबटण लावण्याचे प्रेस त्याच्यावर चालते. बुरख्यावर स्टोन चिकटवणारे हीट प्रेस त्याच्यावर चालते. ओव्हरलॉक मशीनमध्ये साचलेली रुई आणि तयार कपड्यावरचे तुटके धागे त्याच्याच हवेने उडवले जातात. एक किंवा दोन हॉर्सपॉवरची मोटर, खाली २५ किंवा ५० लिटरची टाकी, वर एक डोके आणि एक लांब पाइप. एवढाच त्याचा पसारा.

आम्ही कापडाचे व्यापारी. तेलाशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा आहे की कापडाचा सर्वांत जुना दुश्मन तेलच आहे. भिवंडी-मालेगावच्या मागावरून कोरा माल आला की तो टेबलावर उलगडून तपासला जातो. ज्या थानावर मागाच्या तेलाचे काळे ठिपके सापडतात ते 'फ्रेश'मधून निघून 'सेकंड'मध्ये जाते, आणि डाग जास्त असतील तर तुकडे होऊन फेंट किंवा चिंधीच्या भावाने जाते. कापड तेच, सूत तेच, मेहनत तीच. भाव मात्र निम्म्यावर येतो. मागावरून आलेला डाग निदान धुलाई-रंगाईच्या वेळी पकडला जातो. शिवून, इस्त्री करून, पिशवीत भरून तयार झालेल्या कपड्यावर जो डाग पडतो त्याची दाद कोणाकडे मागायची? आणि असा डाग आता कंप्रेसरच्या हवेतून येऊ लागला आहे.

मोहल्ल्यातील एका घरी गेल्या पावसाळ्यात असाच प्रकार झाला. घरातील बाई पांढऱ्या सुती कुर्त्यांचे जॉबवर्क करतात. माल व्यापाऱ्याचा, शिलाई यांची. धागे उडवून, इस्त्री करून माल दिला, आणि तिसऱ्या दिवशी अर्धी गाठोडी परत आली. पाठीवर आणि बाहीवर मोहरीएवढे पिवळट ठिपके होते. बाईंनी इस्त्रीवाल्याला दोष दिला, इस्त्रीवाल्याने धोब्याला दिला. आम्ही कंप्रेसरच्या पाइपचे तोंड एका पांढऱ्या रुमालावर धरले आणि बटण दाबले. एका मिनिटात रुमालावर तसेच ठिपके उमटले. वास डिझेल गाडीच्या तेलाचा. विचारले तेव्हा कळले की मुलाने नाक्यावरच्या गॅरेजमधून इंजिन ऑइल आणून भरले होते.

यात त्या मुलाचा दोष आम्ही कमी मानतो. पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा हे दोन्ही जुने महामार्ग पळस्प्याला फुटतात, कळंबोलीला लोखंड बाजार आणि ट्रकांचा तळ आहे, पलीकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ पासून चालू आहे आणि त्याचे कंटेनर रात्रंदिवस याच रस्त्यांनी धावतात. त्यामुळे ट्रकच्या इंजिनाचे तेल येथे पावला-पावलावर मिळते. सुटे मिळते, उधारीवरही मिळते. कंप्रेसरचे तेल मात्र शोधावे लागते. माणूस जे जवळ आहे ते उचलतो.

तो मुलगा आम्हाला म्हणाला, "चाचा, जे तेल दहा चाकी ट्रकच्या इंजिनाला चालते ते माझ्या एवढ्याशा डब्याला का चालू नये? गॅरेजवाले भाई म्हणतात, जाडी तीच आहे."

गॅरेजवाल्याचे म्हणणे खोटे नाही. हीच गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. तेलाची जाडी, म्हणजे त्याचा चिकटपणा, मोजण्याचा एक आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. डब्यावर 'आयएसओ व्हीजी' असे लिहून पुढे आकडा असतो: ३२, ४६, ६८, १००, १५०. तेल ४० अंश सेल्सिअसला असताना किती सावकाश वाहते त्याचा तो आकडा आहे. आकडा मोठा तेवढे तेल दाट. लहान पिस्टन कंप्रेसरला आपल्या हवामानात बहुधा १०० चे तेल सांगितलेले असते. ट्रकचे १५डब्ल्यू-४० हे तेल ४० अंशांवर मोजले तर तेही शंभराच्या आसपासच भरते. तेव्हा जाडी तीच, हे कबूल. फरक तेलात मिसळलेल्या मसाल्यात आहे.

डिझेल इंजिनात इंधन जळते, काजळी होते, आम्ल तयार होते. म्हणून इंजिनाच्या तेलात डिटर्जंट घातलेले असते. कपडे धुण्याच्या साबणाचे जे काम तेच त्याचे काम: मळ पकडायचा आणि खाली बसू द्यायचा नाही, तरंगत ठेवायचा. तरंगणारा मळ पुढे तेलाच्या फिल्टरमध्ये अडकतो आणि फिल्टर बदलला की गाडीबाहेर जातो. आता आपल्या घरगुती कंप्रेसरमध्ये पाहा. त्यात तेलाचा फिल्टर नाही, तेलाचा पंपही नाही. पिस्टनच्या दांड्याला खाली एक लहानसा चमचा असतो, तो प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडतो आणि तेल उडवतो. तेच उडालेले तेल सिलिंडरच्या भिंतीला, पिनला, बेअरिंगला लागते. मळ तरंगत राहिला तर तोच मळ चमचा पुन्हा पुन्हा सगळीकडे फेकणार. साधे, डिटर्जंट नसलेले तेल असेल तर कचरा तळाशी बसतो आणि तेल बदलताना निघून जातो.

दुसरी बाब पाण्याची. डिटर्जंटवाल्या तेलात पाणी शिरले की साबणाच्या फेसासारखे ते तेलात मिसळून जाते आणि तेल दुधी होते. कंप्रेसरचे खास तेल असे बनवतात की पाणी त्यापासून सुटून खाली बसावे.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची, ती उष्णतेची. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते हे सर्वांनी पाहिले आहे. तोच प्रकार येथे होतो, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. ३० अंशांची हवा एका दमात ७ किलोच्या दाबापर्यंत दाबली आणि तिची उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने तिचे तापमान अडीचशे अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षात डोक्यावरच्या पात्या आणि पंखा बरीच उष्णता काढून घेतात, त्यामुळे हवा तेवढी तापत नाही. तरी पाणी ज्या १०० अंशांना उकळते त्याच्या खूप वर ती असते. डोक्यातील पातळ पोलादी झडपा या तप्त हवेत दर सेकंदाला कित्येक वेळा उघडतात आणि मिटतात. त्यांच्यावर तेलाचा बारीक फवारा पडत राहतो. इंजिन ऑइलमधील डिटर्जंट हे बहुतांशी कॅल्शियमसारख्या धातूंचे क्षार असतात. तेल जळाले तरी ते जळत नाहीत, राख होऊन झडपेवर बसतात. शिवाय १५डब्ल्यू-४० सारख्या दुहेरी नंबरच्या तेलात थंडी-उन्हाळ्यात जाडी सांभाळण्यासाठी जे रसायन मिसळलेले असते, तेही या उष्णतेत तुटून कोळशाचा थर वाढवते. झडपेवर थर बसला की ती पुरती मिटत नाही. मिटली नाही की दाबलेली गरम हवा मागे परतते आणि पुन्हा दाबली जाते, म्हणून अधिक तापते. अधिक तापली की अधिक कोळसा. एकदा हे चक्र सुरू झाले की पूर्वी तीन मिनिटांत भरणारी टाकी सहा मिनिटे घेते, मोटर गरम होते, विजेचे बिल चढते, आणि पातळ झालेले तेल रिंगांच्या फटीतून हवेबरोबर पाइपात जाते. तेथून कपड्यावर.

मोठ्या कारखान्यांच्या यंत्रांत नळीत साचलेल्या या कोळशाला आग लागल्याचे प्रकार झालेले आहेत. घरातल्या लहान यंत्रात ते क्वचित. पण ज्या खोलीत रुई उडते आहे, कापडाचे ढीग आहेत, थिनरची बाटली आहे आणि शेजारी मुले झोपली आहेत, तेथे 'क्वचित' या शब्दावर आम्ही तरी भरवसा ठेवणार नाही.

आता याच्या उलट बाजूची एक चूक सांगतो, कारण शिलाईच्या लोकांत ती जास्त आढळते. शिलाई मशीनचे तेल पाण्यासारखे पांढरे असते, कपड्याला लागले तरी धुतल्यावर बहुधा निघते. त्यावरून काही जण असा विचार करतात की हेच तेल कंप्रेसरमध्ये घातले तर डागाची भीतीच नको. विचार ऐकायला चांगला वाटतो, पण घातक आहे. शिलाई मशीनचे तेल फार पातळ असते, व्हीजी १० ते २२ च्या घरातले. सुईच्या दांड्याला ते योग्य आहे, तप्त सिलिंडरला नाही. त्याची वाफ होऊन पेट घेण्याची सीमाही दीडशे अंशांच्या आसपासच असते, तर व्हीजी १०० च्या चांगल्या कंप्रेसर तेलाची दोनशेच्या वर. पातळ तेल रिंगांवर टिकत नाही, रिंगा झिजतात, आणि झिजलेल्या रिंगांतून मग कोणतेही तेल वर चढते. रंग पांढरा आहे म्हणून तेल सोज्वळ ठरत नाही.

दुकानात जाऊन नुसते "कंप्रेसर ऑइल द्या" म्हणाल तरी फसण्याची शक्यता आहे. आपल्या शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत आहे. तेथील कारखान्यांत स्क्रू कंप्रेसर चालतात. त्यांचे तेलही कंप्रेसर ऑइलच, पण ते बहुतेक व्हीजी ४६ चे असते आणि त्याची रचना वेगळी असते. औद्योगिक मालाच्या दुकानदाराला त्याचीच सवय असते, तो तेच काढून देणार. गाड्यांच्या दुकानात हाच शब्द वापरला तर मोटारीच्या एसीचे तेल हातात येईल. ते तर वेगळ्याच जातीचे असते. हवेतील ओलावा ओढून घेते आणि साध्या खनिज तेलात मिसळत नाही. म्हणून मागताना पूर्ण वाक्य बोलावे: "पिस्टनच्या एअर कंप्रेसरचे तेल, व्हीजी १००." दुकानदाराला नंबर कळला नाही तर दुसऱ्या दुकानात जावे.

नावे सांगायची तर इंडियन ऑइलच्या सर्वो मालिकेत 'सर्वोप्रेस' नावाची तेले आहेत, शेलची 'कोरेना' आहे, मोबिलची 'रारस' आहे. कंप्रेसर बनवणाऱ्या कंपन्याही आपल्या नावाचे तेल विकतात. नावापेक्षा आकडा वाचावा, आणि तोही जपून. 'रारस ४२७' या नावातील ४२७ म्हणजे जाडी नव्हे, ते तेल व्हीजी १०० चे आहे. कोरेनाच्या डब्यावर पी अक्षर असेल ते पिस्टनसाठी आणि आर असेल ते स्क्रू जातीसाठी. डब्यावर 'डीआयएन ५१५०६ व्हीडीएल' अशी अक्षरे असतील तर ते फार चांगले. हे जर्मन मानक आहे आणि व्हीडीएल ही त्यातली अशी पायरी आहे की जी २२० अंशांपर्यंत तापणाऱ्या दाबलेल्या हवेसाठी मान्य आहे.

परदेशी यंत्रांच्या पुस्तकात कधी कधी 'एसएई ३०, नॉन-डिटर्जंट' असे लिहिलेले असते. एसएई ३० म्हणजे जवळपास व्हीजी १००, हे खरे. पण आपल्या बाजारात '३० नंबर' म्हणून जे इंजिन ऑइल मिळते त्यात बहुतेक वेळा डिटर्जंट असतेच. म्हणून तीस नंबर शोधत बसण्यापेक्षा सरळ व्हीजी १०० चे कंप्रेसर तेल घ्यावे. यंत्रासोबत आलेले पुस्तक मात्र पहिला हक्कदार. त्यात ६८ लिहिले असेल तर ६८, १५० लिहिले असेल तर १५०. पुस्तक हरवले असेल आणि यंत्र हवा दाबणारे साधे पिस्टनचे असेल, तर पनवेलच्या हवेत १०० ने कोणाचे नुकसान होणार नाही. ६८ ची शिफारस थंड प्रदेशासाठी असते. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही तेल गोठेल अशी थंडी पडत नाही.

सिंथेटिक तेल घ्यावे काय, असे काही जण विचारतात. ते जास्त दिवस टिकते, कोळसा कमी करते, आणि दिवसभर चालणाऱ्या यंत्राला परवडते. रोज दोन-तीन तास चालणाऱ्या यंत्राला खनिज तेल पुरेसे आहे, वेळेवर बदलले म्हणजे झाले. शिवाय काही सिंथेटिक तेलांनी हवेच्या फिल्टरची पारदर्शक प्लास्टिकची वाटी तडकते. दाबाखालील वाटी तडकणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

जुन्या फ्रीजचा बंद कंप्रेसर काढून हवेसाठी वापरण्याचा एक जुगाड चालतो. आमचे मत विचाराल तर कापडाच्या कामाला तो अजिबात घेऊ नये. फ्रीजमध्ये गॅसबरोबर गेलेले तेल फिरून परत येते. उघड्या हवेत गेलेले तेल गेलेच, आणि ते कोठे गेले हे तुमचे गिऱ्हाईक तुम्हाला सांगेल.

आता पावसाळा. कोकणच्या कंप्रेसरवाल्याने तेलाइतकाच पाण्याचा हिशेब ठेवला पाहिजे. जुलै महिन्यात आपल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. तीच हवा ७ किलोपर्यंत दाबून टाकीत भरली की तिचा आकार आठवा हिस्सा होतो आणि थंड झाल्यावर तिच्यात पाचएक ग्रॅमच वाफ मावते. बाकीचे २० ग्रॅम पाणी होऊन सुटते. एक हॉर्सपॉवरचे यंत्र मिनिटाला शंभर लिटर हवा ओढते असे धरले तर तासाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार तास सतत भरत राहिले तर जवळजवळ अर्धा लिटर पाणी. यातले काही टाकीच्या तळाशी बसते, काही हवेबरोबर पाइपात येते. रिंगांच्या फटीतून थोडी ओली हवा खाली तेलाच्या खोलीतही उतरते. यंत्र तासभर सलग चालले तर तेथली वाफ उडून जाते. घरगुती यंत्र दहा मिनिटे चालते, बंद होते, पुन्हा दहा मिनिटे. ते पुरते तापतच नाही आणि पाणी तेलात राहते. म्हणजे कमी वापरलेल्या यंत्राचे तेल जास्त खराब होते, ही उलटी गोष्ट ध्यानात ठेवावी. काचेच्या डोळ्यातून तेल दह्याच्या निवळीसारखे किंवा दुधी दिसू लागले तर तास मोजत बसू नये, त्याच दिवशी बदलावे.

टाकीखालची तोटी रोज संध्याकाळी उघडून पाणी काढावे. पाणी साचून टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी कधी फाटेल हे बाहेरच्या रंगावरून कळत नाही. घरातल्या कामाकडे कोणी इन्स्पेक्टर फिरकत नाही, तेव्हा हे काम घरच्यांनीच करायचे आहे. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून पाहावी. आणि अंगावरची रुई उडवण्यासाठी हवेचे तोंड अंगाकडे, विशेषतः मुलांच्या डोळ्या-कानांकडे, कधीही करू नये.

तेल किती भरावे? काचेच्या मध्यभागी लाल ठिपका असतो, तेथपर्यंत. यंत्र सपाट जागी, बंद असताना पाहावे. जास्त तेल भरले की यंत्र खूश राहील असा काहींचा समज आहे. जास्त भरले तर चमचा जास्त उडवणार, रिंगा तेवढे पुसू शकणार नाहीत, ते हवेतच जाणार. आम्ही पाहिलेल्या डागांपैकी बरेचसे वाईट तेलाचे नव्हते, जादा तेलाचे होते. एक-दोन हॉर्सपॉवरच्या यंत्रात पाव ते अर्धा लिटर तेल मावते, पट्ट्याच्या मोठ्या डोक्यात अधिक. म्हणजे एक लिटरचा डबा दोन-तीन भरण्यांना पुरतो. डब्यामागे इंजिन ऑइलपेक्षा काही रुपये जास्त गेले तरी वर्षाकाठी तो खर्च एका खराब कुर्त्याइतकाही होत नाही.

नव्या यंत्राचे पहिले तेल ५० तासांनी काढून टाकावे, कारण घासून निघालेले लोखंडाचे बारीक कण त्यात असतात. पुढे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. साधारण २०० ते ५०० तासांच्या दरम्यान आकडा असतो. तासांची नोंद घरात कोणी ठेवत नाही. म्हणून आम्ही सांगतो: पावसाळ्यात दोनदा, एरवी तीन-चार महिन्यांनी. यंत्र दहा मिनिटे चालवून तेल कोमट करावे, बंद करावे, प्लग काढावा, टाकीतील हवा सोडावी, मगच खालचा बोल्ट उघडावा. आधी इंजिन ऑइल भरलेले असेल तर नवे तेल घालून दोन-तीन तास चालवून ते काढून टाकावे आणि पुन्हा नवे भरावे. पहिली भरणी म्हणजे धुण्याची भरणी समजावी. त्या मुलाने असेच केले. निघालेले पहिले तेल अगदी काळे शाई होते. डोके उघडून झडपाही साफ कराव्या लागल्या.

चांगल्या तेलानेही थोडा अंश हवेत जाणारच. तेल घालायच्या यंत्राची हवा पूर्ण कोरडी-स्वच्छ असते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. म्हणून टाकी आणि काम यांच्यामध्ये पाणी-तेल पकडणारा फिल्टर हवाच. तो टाकीला चिकटून न लावता पाइपच्या दुसऱ्या टोकाला, कामाच्या टेबलाजवळ लावावा. तोवर हवा थंड होते, वाफेचे थेंब होतात आणि ते पकडता येतात. गरम वाफ फिल्टरमधून सरळ निघून जाते. टिचबटणाच्या प्रेसला आपल्या सिलिंडरसाठी किंचित तेल लागते, म्हणून त्याच्या रांगेत तेलाची वाटी बसवतात. त्याच रांगेतून धागे उडवण्याची गन जोडू नये. फिल्टरनंतर फाटा काढून दोन वेगळ्या रांगा कराव्यात. हे साधे काम आहे, पण निम्म्या घरांत झालेले नसते. प्रेसच्या मागून बाहेर पडणारी हवाही कपड्याच्या ढिगाकडे न सोडता खाली वळवावी.

ज्यांचे काम फक्त पांढऱ्या मालाचे आहे, एहरामचे, कुर्त्यांचे, लहान मुलांच्या कपड्यांचे, आणि यंत्र रोज दोन-तीन तासांवर चालत नाही, त्यांनी आमच्या मते बिनतेलाचेच यंत्र घ्यावे. त्यात टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या रिंगा असतात, त्या कोरड्याच चालतात. किंमत थोडी जास्त, आयुष्य थोडे कमी, रिंगा झिजल्यावर बदलाव्या लागतात. पण डागाचा घोर नाही. दिवसभर काम असेल तर पट्ट्यावर सावकाश चालणारे तेलाचे यंत्र घ्यावे आणि त्याला चांगला फिल्टर द्यावा. बिनतेलाच्या यंत्रात आवाज येतो म्हणून कोणी तेल ओतल्याचेही आम्ही पाहिले आहे. त्याने रिंगांना कोळसा धरतो आणि यंत्र कायमचे जाते. एअर-जेट मागांच्या कारखानदारांना हे कोणी सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे धागाच हवेच्या फुंकरीने फेकला जातो, म्हणून हवेतील तेल काढण्यावर ते हजारो रुपये खर्च करतात. आपल्याला त्यातला एक लहानसा फिल्टर परवडतो.

रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी गनचे तोंड पांढऱ्या कागदावर किंवा जुन्या मलमलीवर अर्धा मिनिट धरावे. ठिपका दिसला तर गिऱ्हाइकाचा माल त्या दिवशी हवेखाली धरू नये. परक्याचा माल म्हणजे अमानत आहे. डाग पडला तर तो सांगूनच माल परत द्यावा, घडीच्या आत लपवून नव्हे. मालातला ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही, हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक आहे. व्यापारी म्हणून आमचा अनुभवही असाच आहे की ज्या कारागिराने स्वतःहून डाग दाखवला त्याचे काम बंद झाले नाही.

डाग ताजा असेल तर निघतो. त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवावी, झटकावी, मग भांड्यांचा द्रव साबण बोटाने चोळून कोमट पाण्याने धुवावे. इस्त्री फिरवण्यापूर्वीच हे करायचे. गरम इस्त्रीने तेल धाग्यात पक्के बसते आणि पिवळे पडते. बुरख्याच्या पॉलिस्टर कापडात हा त्रास अधिक, कारण पॉलिस्टर तेलाला सोडत नाही. काळ्या कापडावर डाग दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. इस्त्रीनंतर उजेडात तिरके धरले की तो चकाकतो.

काढलेले जुने तेल गटारात ओतू नये. आपल्या गटारांचे पाणी गाढी नदीत आणि पुढे खाडीत जाते, आणि त्या खाडीवर मासेमारी करणारी घरेही आहेत. बंद झाकणाच्या जुन्या डब्यात ते साठवावे आणि डबा भरला की ज्या गॅरेजमध्ये जळक्या तेलाचा ड्रम ठेवलेला असतो तेथे नेऊन द्यावा. बहुतेक गॅरेजवाले ते घेतात, कारण पुनर्प्रक्रियेसाठी नेणारे लोक त्यांच्याकडे येतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जुने' असे लिहून ठेवावे. शक्य तर मराठीत आणि उर्दूत दोन्ही लिहावे, म्हणजे रात्री घाईत कोणी तेच पुन्हा यंत्रात ओतणार नाही.